शेड नंबर दहा

किरीटभाई म्हणाले, नवरात्रीआधी दहा नव्या शेड काढा,
आणि नावं जरा हटके पाहिजेत, मोहितेबेन,
रोझ, चेरी, वाइन तर आता मकरपुऱ्यात
जो तो पत्र्याखाली घोटतो.

रविवारी वही घेऊन निघाले.

विश्वामित्रीच्या पुलावर स्कूटर लावली.
खाली चिखलात मगर आ वासून पडलेली,
कठड्यावर माणसं शेंगा सोलत तिचे दात मोजत होती.
मी टाळू पाहत होते.
नासायच्या बेतातल्या दुधात
एखादी केशरकाडी विरघळावी, तसा रंग,
थोडा आजारी, थोडा उबदार.
लिहिलं, एक, मगरीची जांभई.

सयाजीबागेच्या म्युझियममध्ये ममी.
तिच्या पट्ट्यांचा रंग मला पाठ आहे,
आमच्या चहाच्या फडक्याचाच तो, फक्त जास्त सबुरीचा.
आत नखं असतील का, असली तर रंगवलेली असतील का,
रखवालदाराला विचारलं.
तो म्हणाला, बेन, फोटो काढायचा नाही.

तीन, देवमाशाच्या बरगडीतला तुपाळ पिवळा.
नखावर कावीळ वाटेल, म्हणून खोडला.
दारापर्यंत जाऊन पुन्हा लिहिला.

फाइन आर्ट्सच्या छापखान्यात पल्लवी बारोट नावाची मुलगी
तांब्याची पाटी आम्लातून काढत होती.
ट्रेमधलं पाणी हिरवंनिळं.
ताम्हन चिंचेवाचून राहिलं की कडेला धरतो, तोच हा.
आई म्हणायची, कळकलं, आणि घासायला बसायची.
पल्लवी म्हणाली, आम्ही हा ओतून देतो.
लिहिलं, चार, ओतून दिलेला.

गेंडीगेटच्या मांजावाल्याची बोटं
वहीत जानेवारीपासून होतीच,
गुलाबी, आणि त्या गुलाबीत काच.
मग सूरसागरच्या पायरीवरचं शेवाळ,
सेवउसळीवर तरंगणारी तर्री,
उंधियोतला जांभळा कंद,
आणि परतताना स्कूटरच्या आरशावर बसलेला नाकतोडा,
त्याचा पोटाकडचा हिरवा, पाठीचा नाही.
नऊ झाले.

मिक्सिंगच्या बायकांनी नखं रंगवायची नाहीत, असा नियम आहे.
नियम नसता तरी ॲसिटोननं माझ्या नखांचे
पापुद्रे केलेत.
म्हणून शेड पाहायच्या त्या पॅकिंगच्या हसुमतीबेनच्या हातांवर,
जेवणाच्या सुट्टीत, ठेपल्याचं तेल पुसून.
एकेका बोटावर एकेक. नऊच.
उजव्या करंगळीचं नख झाकणं बसवायच्या मशीननं नेलं,
मी लागण्याआधीची गोष्ट,
सांगताना ती हसतेच.
नखाची जागा आता भरून आलीय, गुळगुळीत,
वडाच्या कोंबावरचं तांबूस आवरण
उलगडायच्या आदल्या दिवशी दिसतं, तशी.

हीच घे ना दहावी, ती म्हणाली.

बावीस दिवस घोटलं.
कधी अभ्रक जास्त, कधी पांढरा.
तेविसाव्या दिवशी तिच्या त्या करंगळीवर ब्रश फिरवला,
आणि रंग दिसेनासा झाला.
दोघी बोट खिडकीकडे धरून
तो शोधत बसलो.

किरीटभाईंनी यादीवर पेन चालवलं.
मगर नहीं चाले, पीच लिहा. ममीचं बेज.
नाकतोडा कोण लावेल नखाला?
दहावी हसुमतीबेनच्या बोटावर पाहिली,
चष्मा काढून, मग घालून.
काही दिसतच नाही यात, म्हणाले, काढून टाका.

काढली.
बाटली एकच भरली होती.
ती हसुमतीबेनच्या पिशवीत असते, डब्याखाली,
आणि गरब्याला निघताना
नऊ बोटं उरकल्यावर
ती सावकाश झाकण उघडते
आणि कुणालाच न दिसणारं दहावं
फुंकर घालून वाळवते.