तूस

पाकिटातून बी आलं, चिमूटभरही नाही.
राजव्वा म्हणाली, "ही तर तंबाखूची भुकटी,"
आणि विड्यांचं सूप लांब सरकवलं.

हे बी पेरायचं नसतं, नुसतं ठेवायचं.
वर माती टाकली की गेलं.
खत घातलं की गेलं.
आमचं चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी घातलं
तर क्षारानं जळून गेलं.
म्हणून डॉक्टर येमूल यांच्या दवाखान्यामागे
एसीच्या नळीखाली मी कॅन लावतो.
कंपाउंडर हसतो, "गड्डमकाका, तीर्थ भरलं का?"

एप्रिल. त्रेचाळीस.
मोरीच्या खिडकीत, ओल्या गोणपाटाआड,
मिठाईच्या पारदर्शक डब्यात
एकोणचाळीस दिवस काहीच नाही.
मग भिंगाखाली एक पान,
मोहरीहून लहान,
त्यावर तांबडे केस, केसांच्या टोकाला डिंकाचे थेंब.
दवबिंदू म्हणतात त्याला.
माशा खातो, कारण त्याच्या जमिनीत काही नसतं.

चिलटाची वाट बघत होतो.
समोरच्या मागावरून कापसाचं तूस उडत आलं
आणि चिकटलं.
पान वळलं, रात्रभर मुठीत धरून बसलं.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं.
यात खाण्यासारखं काही नाही
हे त्याला एका दिवसात कळलं.

मी एकतीस वर्षं जॉबर होतो.
खोकला आला तसा डब्यापासून तोंड फिरवलं.

राजव्वा केळ्याच्या सालीपाशी बसली होती,
चष्मा कपाळावर,
चिमट्यात चिलटाचा एक पाय.
"सरक," म्हणाली, "उजेड अडवू नको."