वलंदेजांचा डबा

सेराफिना बार्देस्कर डबा घेऊन आली
तेव्हा शेषगिरी पोतदार बशीत चहा ओतत होते.
शहापूरच्या सराफ गल्लीत दुपारचं कुणी येत नाही.
डबा बिस्किटांचा, झाकणावर पवनचक्की,
आत तिच्या नवऱ्याची सोळा वर्षं.
खानापूरहून गेलेला, रॉटरडॅमच्या गोदीत फिटर,
दर शनिवारी खिशातली मोड ह्यात.
"पोरं रोज विचारूलालेत, काय करायचं म्हणून.
बघा की, किती येतंय."

मी लोहचुंबक आणला, फुटक्या रेडिओच्या भोंग्यातला.
पोतदारांची पद्धत जुनी:
नाणं फरशीवर टाकायचं
आणि डोळे मिटायचे.

पहिला गुल्डन खणकला, खणकतच राहिला.
"चांदी. हजारात सातशे वीस.
हिच्या आईच्या वेळी नऊशे पंचेचाळीस होती,
आई पोर होती तेव्हा, केस मोकळे सोडलेली."
दुसरा टाकला. राणी तीच, माप तेच,
सालसुद्धा तेच, सदुसष्ट.
चुंबकानं मात्र झडप घालून उचलला.
"निकेल," पोतदार म्हणाले,
शेजारच्या पोरीचं सासर सांगावं तसं.

मग ब्राँझचे सेंट, शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचे.
ते चाळताना त्यांना वेंगुर्ल्याची वखार आठवली.
वलंदेजांचे तांब्याचे डॉइट म्हणे घाट चढून यायचे,
आणि कासार गल्लीत वितळून घागरी व्हायचे.
"कानडीत पैशाला दुड्डू म्हणतात ते ह्या डॉइटवरनंच."
पुरावा?
त्यांनी कानाला बोट लावलं.

तळाशी एक चौकोनी, राखाडी,
दोन घोड्यांची मुंडकी, एकमेकांकडे पाठ फिरवलेली.
फरशीवर पडलं : थप्.
पोतदारांनी डोळे उघडले. पुन्हा टाकलं.
ओल्या मातीत बटण पडावं तसं.
"जस्त. ह्याला भाव नाही, बाई."

"ते खोलीच्या मालकिणीचं," सेराफिना म्हणाली.
"लढाईत परक्यांचं राज्य होतं गावावर.
तांबं, निकेल तोफांना गेलं,
देवळातल्या घंटासुद्धा उतरवून नेल्या.
म्हातारी हे घेऊन पावाच्या रांगेत उभी होती.
तिचा नंबर येईपर्यंत पाव संपला.
म्हणून हे उरलं.
ह्यांना दिलं, निघताना."

साल त्रेचाळीस.
पोतदार काही बोलले नाहीत.
गल्ल्याच्या आतल्या कप्प्यातून
एक भोकाचा पैसा काढला, आपला, त्रेचाळीसचाच.
"आईनं माझ्या करगोट्यात ओवलेला.
मधलं तांबं लढाईनं खाल्लं."

दोन्ही दोन पारड्यांत ठेवली, उगाच.
जस्ताचं पारडं
जरासं खाली गेलं.

चांदीचे पैसे मोजून दिले, निकेल मोडीच्या दरानं,
सेंट तिनं माझ्या हातावर ठेवले, खेळायला म्हणून,
मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.
चौकोनी नाणं रुमालाच्या टोकाला बांधून
ती गणपत गल्लीची बस धरायला गेली.

डबा इथंच राहिला.
आम्ही त्यात टाकणखार ठेवतो.
पवनचक्कीचा एक पंखा पुसून गेलाय
आणि झाकण लावताना
खणकत नाही ते,
थप् म्हणतं.