चार आकडे

बर्लच्या दुकानात खिळे, दोर, कोंबड्यांचं खाद्य
आणि मागच्या भिंतीवर बंदुका.
चाळीस वर्षं मी इथून फक्त बरण्यांची झाकणं नेली.
आज मागच्या भिंतीशी गेले,
तर त्याने चष्मा कपाळावर चढवला.
"डेल्फिया, तू?"

म्हटलं, मी.
वरच्या खोऱ्यात काउडलांचं दार फोडलं मंगळवारी.
तांब्याची तार नेली, म्हातारीच्या गोळ्या नेल्या,
फ्रीजरमधलं हरणाचं मांससुद्धा.

त्याने आधी पिस्तूल दिलं.
वरचा भाग मागे ओढायचा, म्हणाला, आणि सोडून द्यायचा.
अंगठ्याच्या सांध्याने साफ नकार दिला.
तेहेतीस वर्षं कारखान्यात जीन्सचे खिसे शिवलेत त्याने,
आता लोणच्याची बरणी उघडत नाही.

मग दुनळी, माझ्या नवऱ्याची होती तशीच.
खांद्याला लावेपर्यंत बर्ल म्हणाला, नको.
मागच्या हिवाळ्यात हाड मोडलं ना तुझं?
रिव्हॉल्वर राहिलं.
ओढायचं काही नाही, पण चाप
रुसलेल्या पोरासारखा जागचा हलेना.

मग नाडी बघावी तसा विचारत सुटला:
भिंती कशाच्या?
फळ्यांच्या. खाणवाल्यांनी बांधलेलं घर आमचं.
म्हणजे गोळी थांबायची नाही. पलीकडे कोण झोपतं?
आता कुणी नाही.
मागच्या दाराच्या रोखाने काय?
ओढा. ओढ्यापलीकडे ब्लँटनांचं घर,
त्यांची धाकटी खिडकीशी झोपते.
मग कुठे उभी राहणार ते आधी ठरव, म्हणाला.
बंदूक नंतर.

आणि काउंटर पुसता पुसता, माझ्याकडे न बघता,
"भीती कुणाची वाटते?"

चोरांची. आणखी कुणाची?

रात्री झाडूचा दांडा धरून घरभर हिंडले.
पलंगापासून स्वयंपाकघर अकरा पावलं.
दार डावीकडे उघडतं.
इथे उभं राहिलं तर रोखात खिडकी येत नाही,
फक्त ओट्याच्या पायऱ्या येतात.
तिसरी पायरी करकरते.
परक्याला ते कुठून ठाऊक असणार?
ती चुकवून चढणारा माणूस जगात एकच,
सोळाव्या वर्षापासून चुकवत आलाय.
किल्ली पंपाच्या खोबणीत असते हे त्याला ठाऊक.
माझ्या आईची अंगठी कुठे होती
तेही होतं.

म्हणजे पायरी वाजली तर परका.
आणि नाही वाजली

दांडा कोपऱ्यात ठेवला.
दिवा लागलेलाच होता, हातात पेला होता,
पाणी प्यायले की नाही आठवत नाही.

शनिवारी रिव्हॉल्वर घेतलं.
बर्लने चाप हलका करून दिला,
सोबत बायबलएवढी पोलादी पेटी.
चार आकडे लाव, म्हणाला,
कुणाला सुचणार नाहीत असे.

बोटं आपसूक त्याच्या जन्मतारखेवर गेली.
पुसली.
लग्नाचा दिवस? त्याला पाठ. तोच केक आणायचा,
पैसे असायचे तेव्हा.
बाप गेला तो दिवस तर दगडावर कोरलेला.
घराचा नंबर, जुन्या ट्रकची पाटी,
कारखान्यातलं माझं हजेरीचं कार्ड,
आयुष्यभराचे आकडे झटकून पाहिले,
एक नाही जो त्याने माझ्या मांडीवर बसून
बोटांनी गिरवला नाही.

मग आठवलं.
त्याच्या आधीचा फेब्रुवारी.
केंटकीतले सगळे डोंगररस्ते बर्फाने बंद,
दाई ओढ्याच्या त्या तीरावर अडकलेली.
नाव ठरलं होतं, ओर्लीन.
नवऱ्याने सफरचंदाखाली जागा केली, जमीन लोखंडासारखी,
आणि पुन्हा तो विषय काढला नाही.
मीही नाही.

शून्य, दोन, एक, नऊ.
पेटी खटकन मिटली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला
काही काम सांगितलं मी.

आज गुरुवार. गुरुवारी तो येतो, कधी कधी.
पेटी पलंगाखाली आहे, बुबुळं छताला.
मघापासून ओट्यावर कुणीतरी आहे.
देवा, तिसरी पायरी
वाजू दे.