मासोळ्या

आधी प्लग काढला. लाइट गेलेली होती, तरी काढला;
आर्वीची लाइट येताना विचारत नाही.
मग काच. मी आणि गुणवंत टेकाम, दोघांनी धरून
गादीवर आडवी केली.
गोळी खिशात घातली. गंजली होती,
तिनंच इतकी वर्षं फळी ओरबाडली.
रबरं, खांब, दिव्यांच्या टोप्या
कुल्फीच्या डब्यांत, डब्यांवर आकडे.
फोटोही काढले, कारण उद्या मीच मला विचारणार
हा स्क्रू कुठला.

"पाणी मार ना, लवकर निघन."
पाणी नाही, गुणवंत. लाकूड पाणी प्यालं की फुगतं
आणि पाठीवरचा रंग पापुद्र्यानं उठतो.
थिनर तर नाहीच. त्याला मळ आणि रंग
दोन्ही सारखे.
नाफ्था, थेंबाथेंबानं, दोन्ही दारं उघडी ठेवून.
आणि ती बिडी तिकडे, लिंबाखाली.

कापूस जिनिंगच्या ढिगातला.
सरकी निघाली तरी वाळलेली पत्ती राहतेच त्यात,
बारीक, ओरखडा काढेल अशी.
ती वेचल्याशिवाय बोळा फळीला लागत नाही.
ही वेचणी मला येते,
आईच्या मागे तासातासानं शिकलेली.

आधी एक कोपरा. बोळा काळा.
दुसरा काळा. सातवा तपकिरी.
तीस जत्रांचा धूर, घाम, रेवड्यांचे चिकट हात
निघत गेले, आणि खालून निळं पाणी आलं,
शिंपले, घोड्याच्या तोंडाचा एक मासा,
केस सोडलेली बाई.
समुद्र इथून किती लांब, गुणवंतनं विचारलं.
मला सांगता आलं नाही.

बाईच्या कमरेखाली मात्र लुगडं.
हिरवं, जाड, पोळ्याला शिंगांना लावतात त्या ऑइलपेंटचं.
लुगड्याखाली दोन पाय, समुद्रात उभे,
बोटांत मासोळ्या.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत: उकंडराव पेंटर.

भिंग घेतलं. वरची छपाई ठिपक्याठिपक्यांची,
लुगडं ब्रशच्या फटकाऱ्यांचं.
आणि काठाला, उजवीकडे,
तांबूस निळे चार खवले.

म्हणजे शेपटी होती.
गोळी तिथूनच जायची, रोज, शेकडो वेळा,
शेपटी झिजून लाकूड उघडं पडलं,
आणि ज्यानं जलपरी कधी पाहिली नव्हती
त्यानं बाईला जे असतं ते दिलं.

पात्यानं खरवडलं तर लुगडं निघेल.
पण खाली शेपटी नाही, लाकूडच.
शेपटी मलाच काढावी लागेल,
आणि मी तरी कुठं पाहिली आहे.

तिसऱ्या दिवशी सर्जाबाई आल्या, उकंडरावांच्या.
वाकल्या. हात लावला नाही.
"हे तं माहे पाय हायेत."
मग वेळानं,
"दिवसभर उभी ठेवली मले. म्हणे हालू नको.
चहा बी नाई देला."
फळीवरच्या दुसऱ्या बोटाकडे पाहिलं,
अंगठ्याहून लांब.
मग खाली, त्यांच्या चपलेकडे.

पातं डब्यात ठेवलं. डबा नंबर अकरा.

भेगा भरल्या. समुद्राला जिथं खरोखर गेलेला तिथंच
निळा लावला, सुकू दिला.
मग मेण, कडक, बोटाच्या टोकावर मावेल एवढं,
गोल गोल, पांढुरकं झालं की पुसायचं.
तेल नाही. तेलावर धूळ घर करते.
लुगड्यावरही मेण. बोटांवर जरा जास्त.

चार खवले तसेच आहेत, काठाला.
माहीत असेल तरच दिसतात.

काच बसवली. नवी गोळी. प्लग.
समुद्र पेटला, एक दिवा सोडून.
गुणवंतनं दांडी ओढली,
गोळी वर गेली, शिंपल्यावर वाजली, माशाला धडकली,
आणि सरळ, कोणालाही न लागता,
दोन पायांच्या मधून खाली.

"गेली," गुणवंत म्हणाला.
सर्जाबाईंनी पदराआड हसून विचारलं,
"आता माही पाळी का?"