सुतळीच्या दोन गाठी

कुमागाइबाई दुकानात आल्या त्या सुतळी घेऊन.
सुतळीला दोन गाठी.
"या गाठींच्या आत बसेल असं फॅक्स मशीन दाखव.
एका बाजूला वजनकाटा आहे,
दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा फोटो.
दोघांतलं कुणीच हलणार नाही."

साकाता स्टेशनसमोर आमचं दुकान, दुसरा मजला.
फॅक्सचं कपाट आता पार मागे,
राइस कुकरच्याही पलीकडे,
जिथली ट्यूबलाइट बदलायची राहूनच गेली आहे.
तीन मॉडेलं उरलीत.
तिन्ही काढली. धूळ पुसली.

हे काळं बघा:
आलेला कागद आधी पडद्यावर दिसतो,
हवा तेवढाच छापायचा. जाहिराती कटाप.
"जाहिराती राहू देत.
पाठकोऱ्या असतात. माझा हिशेब त्यांच्यावरच चालतो."

हे मोठं, प्रिंटरही यातच,
पण ते सुतळीच्या बाहेर दोन्हीकडून सांडलं.

आणि हे पांढरं. सगळ्यात बुटकं.
शाईची फीत तेवढी बदलत राहावी लागते.

मग, आम्हाला शिकवलंय तसं,
मी टॅबलेट पुढे केला.
मशीन लागतच नाही आता, म्हणाले,
नंबर तुमचा तोच, कागद येतो ईमेलमध्ये,
फोटो काढायचा की गेला.
जागा लागते शून्य.

"शून्य," बाईंनी सुतळी बोटाला गुंडाळली,
सोडली.
"मग त्या जागेत ठेवू काय?"

पहाटे तीनला त्या सोयाबीन वाटायला घेतात.
चारच्या सुमाराला मशीन घरघरतं:
खानावळ, शाळेचं स्वयंपाकघर, आणि इसुरुगी,
जाळी विणणारा, जन्मापासून ऐकू न येणारा.
सत्तावीस वर्षं तो शब्द लिहीत नाही.
चौकोन काढतो.
दोन चौकोन म्हणजे दोन तोफू.
खाली नागमोडी रेघ असली
तर समुद्र खवळलाय, उशिरा येईन.

"हे गेले," बाई फोटोबद्दल बोलत होत्या,
जणू फोटो इथेच काउंटरवर होता,
"त्या पहाटे त्याचा कागद आला तो कोरा.
मला वाटलं, फीत संपली.
मग लक्षात आलं,
कोरा कागद पाठवायचा तरी
कुणाला तरी बटण दाबावं लागतं."

मी बिलाचं पुस्तक शोधत राहिले.

कारण इसुरुगी गेल्याच महिन्यात आला होता.
नवा फोन घेतला. सेंदाईच्या नातीशी
पडद्यावर हातांनी बोलून दाखवलं,
दोघंही हसत होती, मला एक अक्षर कळलं नाही.
जाताना त्याने टाइप करून विचारलं:
फॅक्सची फीत अजून ठेवता का?
मला काही लागत नाही हो.
पण तोफूवालीला दुसरं काही जमत नाही.

सांगावं का?
जिभेच्या टोकावर आलं होतं.
टॅबलेट तसाच उजळलेला, महिन्याचं टार्गेट
अजून चार ग्राहक लांब.

मी टॅबलेट पालथा ठेवला.
पांढऱ्यावर सुतळी धरली,
बोटभर जास्त भरलं.

बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं,
गाठीकडे, मशीनकडे, परत गाठीकडे.
"असू दे. फोटो जरा तिरका ठेवीन.
तसंही समोर बघायची सवय
नव्हतीच त्यांना."

आणि दोन फिती जास्तीच्या मागून घेतल्या.