टिचकी

भोसरीत, तीन नंबरच्या भट्टीवर
एकवीस दिवस एकच माल चालला होता:
ट्रॅक्टरचे गिअर, आठशे साठ अंश,
आत ठेवा, बाहेर काढा, तेलात बुडवा.
पडद्यावरची चूक शून्य.
शून्य म्हणजे अगदी शून्य;
ऑडिटवाला फोटो काढून घेऊन गेला.

मी खालची बारीक रेघ बघत होते.
कंट्रोलर भट्टीबद्दल स्वतःशी जे अंदाज बांधतो
त्यांची ती रेघ.
ती कुठेतरी चालली होती,
सेन्सरच्या किरकोळ कुजबुजीवर, कुणी न ढकलता,
घरी कुणी वाट बघत नसल्यासारखी.

चूक शून्य झाली म्हणजे ओळख पटली, असं नसतं.
हे सिद्ध करायला एम.टेक.ला मला दीड पान लागलं.
समजायला शुक्रवार उजाडावा लागला.

गुरुवारी वीज बंद, अख्ख्या भोसरीला सुट्टी.
शुक्रवारी पहाटे गार भट्टी, नवा माल,
मनगटाएवढे शाफ्ट,
आणि कंट्रोलर चुकला
तीन आठवड्यांच्या खात्रीने चुकला.
नऊशे दहा. आठशे पाच. नऊशे तीस.
सगळं मर्यादेत राहील, असं प्रमेय म्हणतं.
मर्यादा केवढी, ते सांगत नाही.
गव्हाणेंनी पँटला हात पुसला
आणि स्विच मॅन्युअलवर टाकला,
रडणारं पोर दुसऱ्याच्या कडेवरून काढून घ्यावं तसा.

चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम,
एकवीस दिवस तुमच्या मशीननं भट्टीला
काही विचारलंच नाही.
मंडईत कलिंगड घेताना
नुसत्या बघत बसता का? टिचकी मारताच ना?"

मग तेच केलं.
कधी सात मिनिटांनी दोन अंश वर,
कधी तेरा मिनिटांनी दीड खाली;
मालाला कळू नये,
भट्टीनं मात्र उत्तर द्यावं, एवढंच.
किती विसरायचं तेही ठरवून दिलं.
विटा झिजतात, कालची भट्टी आज नसते,
थोडं विसरायलाच हवं;
फार विसरलं तर
प्रत्येक ठिणगी खरी वाटायला लागते.
दोन रात्रींत रेघ जागेवर आली.
चूक आता शून्य नाही.
ऑडिटवाल्याला त्याचं लेखी कारण हवंय.

रविवारी संध्याकाळी दादाला फोन, संगमनेरला.
आठ वर्षं तेच.
तब्येत? बरी.
पाणी? येतंय दिवसाआड.
ठेवू? ठेव.
एकदाही चूक नाही.

आज मध्येच विचारलं,
"दादा, मागचा पेरू तोडलास
तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

पलीकडे काही नाही.
त्याच्या कुकरची एक शिट्टी. मग आणखी एक.
गव्हाणेंसारखा हात पुसला मी ओढणीला,
पण स्विच कुठला टाकायचा होता?

"तुला," तो म्हणाला,
आणि घसा खाकरला.