हलकं वर्ष

तो लार्च विजेनं पडला होता,
कुणी पाडला नव्हता,
हे प्रोकोपीनं आम्हाला तीनदा सांगितलं.
मग टोपी काढली, आणि करवत लावू दिली.

याकुत्स्कच्या प्रयोगशाळेत
मी ब्लेडनं एकेक वलय सोलते.
नखाच्या कडेएवढी जाडी, म्हणजे एक उन्हाळा.
क्लोराइटच्या उग्र वासात रंग जातो, राळ जाते,
उरतं ते पांढरं, पिंजलेलं,
कानात घालायच्या कापसासारखं सेल्युलोज.
चांदीच्या इवल्या पुडीत बांधून
मी ते भट्टीला देते.

भट्टीला एकच विचारायचं असतं:
ऑक्सिजन किती जड?

पाणी सगळं सारखं नसतं.
पाचशे कणांत एखादा अंगानं भारी,
दोन न्यूट्रॉन जास्तीचे बाळगून असलेला,
उठायला आळशी.
सुईसारख्या पानावर ऊन आलं
की हलके आधी निघून जातात,
जड बसून राहतात
पंगत उठल्यावरही पानावर रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.
हवा जितकी कोरडी, तितकं पानातलं पाणी जड.
त्याच पाण्यातून साखर. साखरेतून लाकूड.
खोडातून उतरताना साखर वाटेतल्या पाण्याशी देवघेव करते,
दहातले चारेक अणू बदलून घेते.
निरोप पोचतो, पण
धाडणाऱ्याचे शब्द आणि आणणाऱ्याचे शब्द
एकमेकांत कालवून.

पानं सप्टेंबरात पिवळी होऊन गळतात.
लार्च तीही ठेवत नाही.

सालीकडून बावन्नावं वलय हलकं आलं.

दुष्काळाचं वर्ष ते.
हवामानाच्या जुन्या वहीत जूनपुढे नऊ मिलिमीटर,
जुलैपुढे नुसती रेघ.
जड यायला हवं होतं.
पुडी फाटली असेल, दूलुस्तान म्हणाला.
नवी पुडी. हलकं.
तिसरी पुडी, रात्रीचे साडेअकरा, भट्टीची घरघर.
हलकं.

सकाळी प्रोकोपीला फोन लावला.
त्याच्या मागे कुत्रं भुंकत होतं.
"त्या वर्षी? त्या वर्षी तळ्याचा चिखल झाला.
गवत करंगळीएवढं. गाई उभ्या उभ्या हंबरायच्या.
हिवाळ्यात तळ्यातून कापून बुलूसात रचलेला बर्फ
जूनमध्येच संपला."

बुलूस मला माहीत होतं.
गोठलेल्या जमिनीत खणलेलं तळघर,
पायऱ्या उतरताना गुडघ्यांना लागणारा गारठा.
माझी आईही किटलीत पाणी नाही,
बर्फाची लादी फोडून टाकायची.

"मग बापानं कुदळ घेतली
आणि बुलूसाची भिंतच फोडली.
तो बर्फ करडा होता, आत एक गवताची काडी,
कुणाच्या काळची कोण जाणे.
चहाला मातीची चव. आम्ही प्यायलो.
धाकटी मार्फा थुंकायची.
म्हणायची, हा मेलेल्यांचा हिवाळा आहे."

तो थांबला. कुत्रंही थांबलं.

मी फोन कानाला धरूनच होते
आणि मला मुळं दिसत होती,
वितळलेल्या वीतभर मातीतून खाली,
जिथं ऊन पोचायला पूर्ण उन्हाळा लागतो,
तिथल्या बर्फाच्या कडेला तोंड लावलेली.
जितकी थंडी कडक, तितका तिचा बर्फ हलका,
आणि तो बर्फ फार कडक थंड्यांचा होता.
वर पान तापून जड होत होतं,
खालून मात्र जुने हिवाळे चढत होते
घोट घोट.
आकड्यात दोघंही होते.
मी एकालाच शोधत होते.

प्रोकोपीला सांगितलं, तुमच्या लार्चनंही भिंत फोडली होती.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"त्याला चव कशी लागली, ते निघतं का तुझ्या यंत्रात?"

नाही निघत.

बोटाला चिकटलेला कापूस मी झटकला नाही.
नोंदवहीत बावन्नपुढे
दूलुस्ताननं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.
ते खोडलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चूक नाही. तहान.